सिमेंटरीची इर्जिक

गोजराबाई पहिल्यांदा सेमिनरीत गेली ती दोन पोती सिमेंट मागायला.

त्यात तिची एकटीची चूक नव्हती. कोळवणच्या वाटेला टेकाडावर कुणीतरी जमीन घेतली, पत्र्याचं कुंपण पडलं, आत इमारती उठल्या आणि फाटकावर पाटी लागली. वाचणाऱ्यांनी 'सेमिनरी' वाचलं, ऐकणाऱ्यांनी 'सिमेंटरी' ऐकलं. हिंजवडीच्या बाजूला पोट फिरवत जाणाऱ्या काँक्रीटच्या गाड्या सगळ्यांनीच बघितलेल्या. तेव्हा टेकाडावर सिमेंटचं काहीतरी निघालंय, हे वस्तीनं ठरवून टाकलं. गोजराबाईच्या न्हाणीचा कट्टा तेवढ्याच सिमेंटसाठी अडून बसला होता. हात हलवत मागायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून परसातलं एक डांगर काखेत मारून ती चढ चढली.

आत टेबलाशी एक बाई बसली होती. ठेंगणी, बसक्या नाकाची, केस आखूड. वॉचमनची नेपाळी बायको असंल, असं म्हणून गोजराबाईनं डांगर टेबलावर आदळलं.

"मालक कुटं हायेत?"

बाई उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. आपले स्वागत आहे. मी आपली काय सेवा करू शकते?"

असलं बोलणं गोजराबाईनं फक्त बँकेच्या फोनवर ऐकलं होतं. आपल्या मागं कोणी मोठं माणूस येऊन उभं राहिलंय का, हे तिनं वळून बघितलं. कोणी नव्हतं.

"दोन पोती पायजेत," ती म्हणाली.

बाईचं तोंड एकदम फुललं. ती आत पळाली आणि दोन पुस्तकं घेऊन आली, पातळ, निळ्या पुठ्ठ्याची. भाषेच्या शिकवणीत तिला 'पोथी' हा शब्द शिकवला होता आणि तोच तिच्या कानावर पडला होता. शिवाय आजवर त्या फाटकातून गावचं कोणी पोथी मागायला आलं नव्हतं. तिला वाटलं, आली एकदाची.

गोजराबाईनं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. "ह्यानं न्हाणी कशी बांदू गं?"

मग ऑफिसातला नगरकडचा कारकून आला, त्यानं पोती वेगळी आणि पोथी वेगळी करून सांगितली, आणि दोघी बाया टेबलाची कड धरून हसल्या. बांधकामातलं उरलेलं सिमेंट होतंच. बाईनं ते हातगाडीवर घालून उतारापर्यंत पोचतं केलं. दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं इंद्रायणी तांदूळ वर पाठवला. डांगर मागण्याचं होतं, तांदूळ सिमेंटचा. हिशोब मिटला.

बाईचं नाव मारिबेल.

"बेल? म्हंजी म्हादेवाचा बेल?"

"माहीत नाही," बाई म्हणाली. "माझी आईने ठेवले."

"तुज्या आईला ठावं आसनार," म्हणून गोजराबाईनं तिला बेलाबाय करून टाकलं. नवऱ्याचं नाव रोहेल्यो. ते वस्तीत शिरेपर्यंत रोहिले सर झालं, जसं काही कुठल्या जुन्या पलटणीतनंच आलाय गडी. दोघं फिलिपाईन्सची. फॉरेनर येणार म्हणून वस्तीनं गोऱ्या माणसांची वाट बघितली होती, आणि आली ती आपल्या कोकण्यांसारखी दिसणारी, भात खाणारी, सुकट बघून डोळे चमकणारी माणसं. वस्तीची पार निराशा झाली.

त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना शब्द एकच. त्यामुळं बेलाबाईच्या मराठीत कोणाचं काय होईल याचा नेम नसे. "माझा नवरा शिकवते. ती फार हुशार आहे," असं ती सरळ सांगे. माळावर शेळ्या राखणारी धनगराची तानूबाई, गोजराबाईची जुनी सोबतीण, हे ऐकून बांधावर बसकण मारायची. "आगं, नवरा हाय का सवत?"

रोहिले सर पोरांना बायबलातला जुना भाग शिकवी, निम्मं इंग्रजीत, निम्मं हिंदीत. पोरं नंदुरबारची, डांगातली, मराठवाड्यातली. शिकून आपापल्या गावी चर्चचे पाळक व्हायची. बेलाबाईला वर्ग नव्हता. मेस, मुलींचं वसतिगृह, कोणाचा ताप, कोणाचं रडणं, रविवारचं गाणं, हे तिच्याकडं. त्या दोघांना पाठवलं होतं ते समुद्रकाठच्या एका लहान गावच्या चर्चनं. तिथं मासेवाले आणि भातवाले आपल्या मिळकतीतून थोडंथोडं बाजूला काढत आणि त्यावर ही दोघं परमुलखात राबत. लेक तिकडंच, मावशीपाशी राहून नर्सिंग शिकत होती. तीन वर्षांच्या मुदतीवर आलेली ती दोघं, आणि मुदत येत्या मे महिन्यात संपायची होती.

गोजराबाईला हे सगळं पटण्यासारखं होतं. एकच शब्द तिच्या घशाखाली उतरत नव्हता. बेलाबाईच्या दर दुसऱ्या वाक्यात 'सेवा' यायची. आम्ही सेवेला आलो. देव सेवा सांगतो. मी सेवा करू का?

"मी काय देव हाय का आजारी हाय, माजी शेवा करायला?" गोजराबाई म्हणाली होती. "आन हे बघ, तुजा देव मला नगं. माज्या देव्हाऱ्यात जागा न्हाई, हायेत त्येच एकमेकांच्या पायावर उबे हायेत."

"मी दिला कुठे?" बेलाबाई म्हणाली. "तूच पोथी मागितला."



गोजराबाईचं सगळं चित्त होतं ओढ्याकाठच्या खाचरावर. नवरा, विठ्ठलराव, जिवंत असताना वरची जमीन विकून झाली होती. तिथं आता पुण्याच्या माणसांचे बंगले होते आणि एकाच्या अंगणात निळ्या पाण्याची टाकी, ज्यात शनिवारी माणसं डुंबत. त्या पैशातून घर झालं, वरच्या दोन भाड्याच्या खोल्या झाल्या, शेखरचं लग्न झालं. राहिलं एवढं खाचर. वर्षाचा तांदूळ त्यातच पिके, आणि विकतचा भात तिच्या घरात कधी शिजला नव्हता. हे ती मोठ्या अभिमानानं सांगत नसे. नुसतं सांगे, जशी कोणी आपली उंची सांगावी.

शेखर हिंजवडीत कंपनीची बस चालवायचा. वाईट नव्हता पोरगा. पण यंदा ज्येष्ठात त्यानं आईला समोर बसवलं.

"आये, माणूस मिळत न्हाई. गेल्या साली लावणीला मी आन साधनानं रजा काढली, तरी निम्मं रोप जुनं झालं. जयसिंगकाकाकडं खाचर घेनारी पार्टी हाय. दसऱ्याला यायला तयार हाय."

साधना, सून, भाकरी थापता थापता गप्प होती. गप्प म्हणजे नवऱ्याच्या बाजूनं.

"लावणी झाली तर?" गोजराबाईनं विचारलं.

"झाली तर ठिवू. न्हाई झाली तर तू सही करायची. आन मागनं रडायचं न्हाई."

"करीन," गोजराबाई म्हणाली. "शबूद दिला."

तिनं शब्द दिला तो इर्जिकीच्या भरवशावर. वस्तीला हे माहीत होतं, बेलाबाईला नव्हतं, म्हणून गोजराबाईनं तिला समजावून सांगितलं. इर्जिक म्हणजे मजुरी नव्हे. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात उतरायचं, मी सगळ्यांना जेवू घालायचं, उद्या मी त्यांच्या खाचरात उतरायचं. पैसा मधे येत नाही. हात दिले, हात घेतले.

"आमच्याकडे पण आहे!" बेलाबाई ओरडलीच. "माझा बाप शेतकरी. भात. मी लहान असताना लावला. मी येते. मुलांना आणते. रोहेल्यो पण येईल, तिला सुट्टी आहे."

"ये की. तुजं काम काय हाय?"

"माझे?"

"मी तुज्याकडं कुटल्या कामाला येऊ? हात फेडायचे कुटं?"

"नको, नको. काही नको परत. ही सेवा आहे."

गोजराबाई उठली. "मग नगं येऊ."

"का?"

"फुकटचे हात मी खाचरात घेत न्हाई. मी काय भिकारीन हाय?"

बेलाबाई गोंधळून चढ चढून गेली. तानूबाई म्हणाली, "आगं, येत हुती तर येऊ द्यायचं. रोप काय तुजा मान बगून थांबनार हाय?"

"गप बस तू," गोजराबाई म्हणाली.

आखाडात तिनं घरोघर जाऊन सांगावा दिला. सगळे व्हय म्हणाले. भावकीतला आणि आता जमिनींची दलाली करणारा जयसिंग, ज्याच्या खाचरात तिनं उभ्या जन्माच्या लावण्या केल्या होत्या, तोही म्हणाला, "येतू की वैनी." ट्रॅक्टरवाल्यानं चिखलणी करून दिली. राबाच्या वाफ्यातलं रोप हातभर झालं, पाती रुंदावली. आता ते फार दिवस थांबणार नव्हतं. मटणाला सांगून झालं.

ठरल्या दिवशी सकाळी खाचराच्या बांधावर गोजराबाई, साधना आणि तानूबाई, एवढ्याच. जयसिंगचा फोन आला. पौडला कोणा पार्टीला जागा दाखवायची होती. एकाच्या पोराची शिफ्ट बदलली होती. एकाच्या सुनेचा बंगल्यावर साफसफाईचा दिवस होता. आणि एक खरं बोलला. "आक्का, आमचं रानच न्हाई आता. इर्जिक कसली न् काय? तू आमच्याकडं कुटं येणार?"

"आत्या, दुपारी परत जाऊ," साधना म्हणाली.

"तू जा," गोजराबाई म्हणाली, कासोटा घातला आणि खाचरात उतरली. मूठ सोडली, रोपं चिखलात टोचली, मागं सरकली. साधना गेली नाही. तिघी वाकल्या. तिघींनी ते खाचर लावायचं म्हणजे चमच्यानं टाकी उपसण्यातला प्रकार होता, हे तिघींनाही ठाऊक होतं.

मग उतारावरून माणसांचा आवाज आला. पुढं बेलाबाई, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मागं पोरं-पोरी, सगळ्यांत मागं रोहिले सर, चष्म्यावरचं पाणी पुशीत. बांधावर येऊन ती रांग थांबली.

"तुला नगं म्हनलं हुतं," गोजराबाई न उठता म्हणाली.

"ऐकले होते. पण तिथून दिसते." बेलाबाईनं टेकाडाकडं बोट केलं. "तीन माणूस दिसते."

"तीन तर तीन."

"आक्का, हट्ट करू नको. रोप म्हातारी होईल."

"हट्ट तू करतीयास. काम सांग आन उतर. काम न्हाई तर जा."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. एक पोरगी पुढं पाऊल टाकायला गेली, तिला बेलाबाईनंच हातानं अडवलं. गोजराबाई खाचराची मालकीण होती आणि मालकीण नको म्हणत होती.

काम सांगायचं म्हणजे बेलाबाईला आधी मागावं लागणार होतं. तिला सोपं नव्हतं ते. तिकडची माणसं मासळी विकून पैसे धाडत होती ते बेलाबाईनं इथं द्यावं म्हणून, मागावं म्हणून नव्हे. मागायचं असेल तर देवाकडं मागायचं, एवढं तिला शिकवलं होतं. गावातल्या बाईपुढं आपली अडचण मांडायची म्हणजे तिला उलटं चालल्यासारखं वाटत होतं. पण लावणी उलटंच चालून करतात, मागं मागं सरकत, हे तीही लहानपणापासून जाणून होती.

"पाणी," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"माझ्या मुलींच्या खोलीत पाणी येते. डोंगरातून, भिंतीतून. गाद्या ओल्या. दर पावसात. कमिटी माणूस पाठवते, ते फोटो काढते, जाते." मग एकदम जोरात म्हणाली, "मला चर पाहिजे. भिंतीच्या मागे. मला कोणी मदत करत नाही!"

गोजराबाई पहिल्यांदा ताठ उभी राहिली, चिखलाचा हात कंबरेवर ठेवून.

"आदी का न्हाई बोललीस? तीन वर्सं पोरींस्नी वल्यात निजवलं? चर म्हंजी काय परदेशातनं आणायचा हाय?" तिनं हातातली मूठ बेलाबाईच्या पायाशी फेकली. "भादव्यात येते. उतर."

आणि सगळी धाडधाड उतरली. रोहिले सर उतरला तो सरळ बसलाच, कंबरेपर्यंत चिखलात. तानूबाईला हसू आवरेना. "बघा, देवमानूस आला, धरनीला टेकला!" पोरंही हसली आणि सरही हसला. उठताना परत पडला. मग त्याला रोपाच्या मुठी वाहायला लावलं.

डांगातल्या पोरांना शिकवायला लागलं नाही, त्यांच्या घरी हेच. मराठवाड्याची पोरं ज्वारीची, त्यांनी रोप असं टोचलं की मागून तरंगून वर आलं. भांडण झालं ते मात्र बेलाबाईशी. ती दोन काड्या लावी आणि हातभर अंतर सोडी.

"ही काय दात पडल्यावानी लावणी!" गोजराबाई कडाडली. "चार काड्या लाव."

"दोन पुरे. पसरते. माझा बाप..."

"तुज्या बापाचं खाचर हितं न्हाई. चार."

बेलाबाईनं चार लावल्या, पण ओढ्याकडच्या कोपऱ्यात, गोजराबाईची पाठ होती तेव्हा, दोन-दोनच लावल्या. ते पुढं भात पोटरीला आल्यावर दिसलं. तो कोपरा बाकीच्या खाचराइतकाच भरला. गोजराबाईनं तो बघितला, तिला बघताना बेलाबाईनं बघितलं, आणि दोघींनी त्यावर शब्द काढला नाही.

दुपारी ताटात मटण, तांदळाची भाकरी, भात. पोरं डोळे मिटून प्रार्थना करायला लागली तेव्हा गोजराबाई वाढायची थांबली आणि उगाच पातेलं ढवळत राहिली. डोळे उघडल्यावर म्हणाली, "झालं? आता खावा. रस्सा थंड झाला तुमच्या देवापायी." दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत शेवटची मूठ सुटली.

शेखर ड्यूटीवरून आला तो बस वाटेवरच उभी करून बांधावर गेला. सगळं खाचर हिरवं टाके घातल्यासारखं. घरी आल्यावर म्हणाला, "यंदाचं झालं, आये. मानलं. यंदा न्हाई विकत."

"मग?"

"मग फुडल्या साली? ती बाई मे महिन्यात जानार. मला सरांनीच सांगितलं. ती गेल्यावर कोन उतरनार हाय? जयसिंगकाकाला मी दसऱ्याला ये म्हनून सांगतू. पीक निगाल्यावर देऊ."

गोजराबाई त्यावर भांडली नाही. ह्याचं साधनाला नवल वाटलं. म्हातारी ताटातला भात चिवडत कसला तरी विचार करीत होती, आणि विचार करताना तिचा खालचा ओठ पुढं यायचा तसा आला होता.

गणपती उठले, पावसानं उघडीप दिली. गोजराबाई पुन्हा घरोघर फिरली. आता मात्र सांगावा द्यायला नव्हे, वसुलीला.

"जयसिंग, तुज्या खाचरात मी किती लावण्या केल्या?"

"लई, वैनी. कोन नाय म्हनतंय?"

"आखाडात तू आला न्हाईस."

"पार्टी आली हुती वो..."

"व्हय. आन आता तुजं खाचर न्हाई, माज्याकडं फेडायला यायचं तर माजी लावणी झाली. म्हंजी माजे हात बुडाले का?"

जयसिंग डोकं खाजवायला लागला. बुडाले, असं तिच्या तोंडावर म्हणणार कोण? वस्तीत त्याला जागा विकायची होती, तोंडही दाखवायचं होतं.

"ते हात आता टेकाडावर दे," ती म्हणाली. "परवा. टिकाव घिऊन ये."

"सिमेंटरीत? वैनी, तितं जाऊन क्रॉस घालायचा इचार हाय का काय गळ्यात?"

"गळ्यात देवीचा ताईत हाय, त्यालाच मान पुरंना. येतूस का न्हाई?"

"येतू, येतू."

असं तिनं घर घर केलं. ज्यांनी जमिनी विकल्या होत्या त्यांना तर तिनं सोडलंच नाही. खाचरं विकली तरी माझे हात विकले नव्हते, म्हणाली. तानूबाईचा दीर धुळा आला, त्यानं आपल्या दोघा सोयऱ्यांना आणलं. शेखरलाही तिनं सुट्टीच्या दिवशी झोपू दिलं नाही.

सकाळी सेमिनरीच्या फाटकातून टिकाव, फावडी, पहारी आणि घमेली घेतलेली माणसं आत शिरली तेव्हा वॉचमन घाबरून ऑफिसात पळाला. मोर्चा आला, म्हणाला. नगरकडचा कारकून बाहेर आला, त्याच्या मागं बेलाबाई. पुढं गोजराबाईला बघून तिनं छातीवरचा हात खाली घेतला.

"चर कुटं पायजे?" गोजराबाई म्हणाली. "दाव."

मुलींच्या वसतिगृहाच्या मागं डोंगर कापून भिंत बांधली होती आणि पाणी थेट तिच्यावर यायचं. जयसिंगनं वर चढून उतार बघितला, धुळानं काठीनं रेघ ओढली, आणि खणायला लागले. वर्षानुवर्षं खुर्चीवर बसलेली माणसं पहिल्या तासात धापा टाकायला लागली आणि एकमेकांची थट्टा करायला लागली. "जयसिंगराव, ही जागा दाखवायची न्हाई, खनायची हाय!" मग अंगात जुना जोर आला. मुली घमेली वाहत होत्या. रोहिले सर आपण होऊन खड्ड्यात उतरला. ह्यावेळी पडला नाही.

दुपारपर्यंत चर झाला. बेलाबाईनं जेवण काढलं. आपल्या मुलखाची आंबट मटणाची भाजी आणि भात, आणि सुकट तळलेली. प्राध्यापकांच्या क्वार्टरात सुकटीच्या वासाची ओरड होई म्हणून आल्यापासून तिनं ती लपूनछपून केली होती. त्या दिवशी उघड्यावर, मोठ्या कढईत. कोणाची ओरडायची छाती झाली नाही. निम्मी वस्ती बोटं चाटत होती.

जेवण झाल्यावर बेलाबाई म्हणाली, "झाले. आता सगळे बरोबर. मी दिला, तू दिला."

"बसा जरा," गोजराबाई म्हणाली आणि तोंड पुसून माणसांकडं वळली. "काय रं, एवढ्यानं दमला? त्या वाटंचं बघा की. पोरी घसरत्यात." आणि मग खालच्या वाटेला दगड बसवले. मग मेसच्या मागचं तुंबलेलं डबकं फोडलं. मग वाकलेला पाण्याचा नळ पहारीनं सरळ करून गाडला. बेलाबाई मागं मागं फिरत होती. "आक्का, पुरे. आक्का, हे जास्त झाला. आम्ही एवढे दिला नाही!"

"न्हाई दिलं ना?"

"नाही!"

"आमचे हात तुमच्याकडं राहिले ना?"

"हो, पण..."

"मग फुडल्या आखाडात फेडायला ये," गोजराबाई म्हणाली आणि पदर झटकून उभी राहिली.

बेलाबाईनं बोटांवर महिने मोजले. मग तिला उमजलं. आधी हसायला आलं, मग रागही आला, आणि शेवटी तिनं गोजराबाईच्या दंडावर एक चापट मारली, चांगली सणसणीत. "तू वाईट माणूस आहे."

"हाय," गोजराबाई म्हणाली.

त्या रात्री रोहिले सरानं परत जायचं विचारलं तेव्हा बेलाबाईनं सांगितलं की तिकडच्या चर्चला कळवा, मुदत वाढवून हवी. अजून कोणतं काम राहिलं, असं ते विचारतील, सर म्हणाला. "शेतातलं एक काम राहिलंय," बेलाबाई म्हणाली. "खरं तेच लिहा." सरानं तेच लिहिलं. तिकडं भात लावणारी माणसं होती. त्यांना फोड करून सांगायला लागलं नाही.

दसऱ्याला जयसिंग आला, आपट्याची पानं शेखरच्या हातात दिली, म्हणाला, "सोनं घ्या. मग पार्टीला रविवारी आणू का?"

शेखर आईकडं बघायला लागला. गोजराबाई ओसरीवर शेंगा निवडत होती.

"आण की," ती म्हणाली. "पर पार्टीला एक सांग. फुडल्या आखाडात टेकाडावरची मानसं हात फेडायला येनार हायेत. चिखलणी करून ठिवायची. आन मटण घालायचं."

"वैनी, पुण्याचा मानूस त्यो..."

"मग त्येंनी हात कुटं फेडायचे? शेखरच्या बशीत? का त्या निळ्या टाकीत लावणी करायची?" तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "हात तुमचे पन हायेत त्यात, जयसिंग. तूच खनलंस. खाचर इकलं तर तुजेही बुडाले. सांग, बुडवतूस?"

जयसिंगनं शेखरकडं बघितलं. शेखरच्या तळहातावरचे चराचे फोड अजून पुरते बसले नव्हते. तो ते अंगठ्यानं दाबत होता.

"काका," तो म्हणाला, "पार्टीला म्हनावं, दुसरीकडं बगा."

"आरं पर..."

"म्या सवता पहार मारलीया तितं. फुकट?"

जयसिंग हसला, मग पाय ओढत निघाला. फाटकाशी थांबून म्हणाला, "वैनी, आखाडात मला सांगावा धाडा. न्हाईतर सिमेंटरीवाले सगळं मटण संपवतील."

दिवाळीनंतर भात झोडलं. गोजराबाईनं सगळ्यात आधी बियाण्याचं बाजूला काढलं, ओढ्याकडच्या त्या कोपऱ्यातलं, दोन काड्यांचं. वाळवलं, पाखडलं, कोरड्या डब्यात भरलं. झाकणावर कडुलिंबाचा पाला ठेवून तिनं साधनाला हाक मारली.

"हे वरच्या फळीवर ठिव. आन बेलाबायला काय बोलू नगंस, कुटलं हाय त्ये."